आचाऱ्याचं नाक

आचाऱ्याचं नाक चांगलं होतं. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्याचा त्याला गर्वही होता. दूध उतू जायच्या आधी तो उठायचा. तेल तापलं का ते बघायला त्याला कधी कढईत डोकावावं लागलं नाही. मोठमोठ्या जेवणावळी त्याने एका कोपऱ्यात खुर्ची टाकून, डोळे मिटून पार पाडल्या होत्या. "तिसऱ्या चुलीवरचा कांदा उतरव," असं तो बसल्या जागेवरून म्हणायचा, आणि तिसऱ्या चुलीवरचा माणूस दचकून पातेलं खाली घ्यायचा.

मग मुलूख सुटला. कसा सुटला, ते तो कुणाला सांगत नसे. थोरली बहीण, बहिणीची मुलगी आणि हातात मावतील तेवढ्या पिशव्या घेऊन तो या शहरात उतरला. भाचीला दिवस गेले होते. तिचा नवरा सीमेवरच्या गर्दीत मागे राहिला. त्याला थांबवलं, यांना पुढे सोडलं, आणि त्याचा फोन त्याच गर्दीत गेला. यांच्याकडे फोन नव्हता; इथे आल्यावर भाचीने कुणाचा तरी फोन मागून मागे अडकलेल्या एका ओळखीच्या माणसाच्या फोनवर निरोप धाडला: आम्ही या इमारतीत आहोत, इथेच ये. निरोप पोचला, असं कळलं. त्यानंतर तोही फोन बंद झाला. म्हणजे नवऱ्याकडे तेवढा एक पत्ता होता. तो येईपर्यंत या इमारतीतून हलायचं नाही, काय वाटेल ते होवो, असं तिघांचं ठरलं.

इमारत म्हणजे एका विमा कंपनीचं जुनं ऑफिस. शहराला नव्याने आलेल्यांना छप्पर द्यायचं होतं, पण स्वतःच्या हाताने द्यायचं नव्हतं. म्हणून शहराने ते काम कंत्राटदाराला दिलं. कंत्राटदाराने जेवण एकाला दिलं, सफाई दुसऱ्याला, पहारा तिसऱ्याला, आणि स्वतः एक मॅनेजर नेमून मोकळा झाला. जेवणाचा ठेका ज्याच्याकडे होता तो मॅनेजरचा मेहुणा. जिथे पूर्वी टेबलं होती तिथे प्लायवूडच्या भिंती घालून खोल्या केल्या होत्या. भिंती छतापर्यंत पोचत नव्हत्या. खिडक्या उघडत नव्हत्या. एका खोलीत कुणी शिंकलं की पलीकडच्या पलीकडच्या खोलीतून विचारणा व्हायची, "गोळी आहे, देऊ का?"

दोन्ही वेळचं जेवण फॉइलच्या डब्यांतून यायचं. आत गार भात, त्यावर पाण्याचा थर, पाण्याखाली काहीतरी मऊ.

"हे खायला घालण्यापेक्षा उपाशी मारलं असतं तर पुण्य तरी लागलं असतं," बहीण म्हणायची.

"ताई, खा. गिळ नुसतं. चावू नकोस," आचारी म्हणायचा.

खोलीत शिजवायला बंदी होती. आगीचा धोका, असं मॅनेजर सांगे. ते खोटं नव्हतं. पण माणसं खोलीत शिजवू लागली की डबे न उघडता परत जायचे, आणि परत जाणारे डबे मेहुण्याला परवडणारे नव्हते. शिवाय नियम मोडणाऱ्याला काढता येई. त्याच्या जागी नवीन माणूस येई, आणि नव्या माणसामागे शहर कंत्राटदाराला जास्त देत असे. जुना माणूस म्हणजे शिळा भात.

तरी लोक शिजवायचे. इस्त्री उलटी करून दोन विटांमध्ये धरली की तवा होतो. किटलीत भात होतो, अंडी उकडतात. डब्यावरचाच चकचकीत कागद इस्त्रीवर अंथरला की कांदा चिकटत नाही. पहारेकऱ्यांना वास यायचा, पण छताखालून तो सगळीकडे पसरायचा. कुठल्या दाराचा, ते त्यांना कळत नसे.

एकदा सगळे जेवणाच्या रांगेत उभे होते. आचाऱ्याने मान वर केली.

"कोण आहे रे तो वर?" तो म्हणाला. "लसूण करपवतोय. कांद्याच्या आधी लसूण टाकतात का कधी? दुसरा मजला, जिन्याला लागून जे दार आहे तिथे. कुणीतरी जाऊन सांगा त्याला, विस्तव कमी कर म्हणावं."

आचारी होता तो. करपलेला लसूण त्याला सहन झाला नाही, एवढंच. रांगेतली माणसं हसली. मग ती एकेक करून हसायची थांबली, कारण मॅनेजर तिथेच भिंतीला टेकून उभा होता.

दुपारपर्यंत जिन्याला लागून असलेली शिंप्याची खोली रिकामी झाली. शिंपी, त्याची बायको, त्याची सासू. सासू जिना उतरताना आचाऱ्यापाशी थांबली.

"चांगलं नाक आहे हो तुमचं," ती म्हणाली. "जपा."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने आचाऱ्याला बोलावलं. मॅनेजर तरुण होता, आवाज मऊ होता, आणि समोरच्याला खुर्ची दिल्याशिवाय तो वाईट बातमी देत नसे. भाची मामा म्हणायची म्हणून सगळी इमारतच आचाऱ्याला मामा म्हणू लागली होती. मॅनेजरनेही तेच उचललं.

"बसा मामा. चहा घ्या. तुमची इथे राहायची मुदत संपत आलीये, माहितीये ना? मग दुसरीकडे कुठेतरी. कुठे, ते माझ्या हातात नसतं. पण माझ्याकडे कामाला असलेल्याच्या घरच्यांना मी हलवत नाही. तेवढं माझ्या हातात असतं."

"काम काय?"

"श्वास घ्यायचा," मॅनेजर म्हणाला. "तो तर तुम्ही घेताच."

खोलीत येऊन आचाऱ्याने हे सांगितलं. भाची पोटावर हात ठेवून ऐकत होती.

"मामा, लोक काय म्हणतील?"

"लोक तुझ्या नवऱ्याला हुडकून आणणारेत का?" तिची आई म्हणाली. मग भावाकडे वळली. "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. त्याने आपलं दाबलंय. उघड तोंड आणि हो म्हण जा."

तो हो म्हणून आला.

सुरुवातीला तो खोकायचा. ज्या दारातून वास येई त्या दारापाशी जाऊन मोठ्याने खोकायचा आणि पुढे जायचा. आतली इस्त्री झटकन सरळ व्हायची. लोक त्याला दुवा द्यायचे. पण काही दिवसांनी मॅनेजरने विचारलं, "मामा, सर्दी झाली का? नाक चालत नाही आणि खोकला मात्र फार ऐकू येतो." आणि सहज विचारावं तसं विचारलं, "भाची कशी आहे? जावई यायचाय ना अजून?"

आचारी खोकायचा थांबला.

पहिलं दार दाखवून तो लगेच जिना उतरून गेला. नंतर थांबू लागला. माणसाला कशाचीही सवय होते, आणि आचाऱ्याला तर आपल्या कामाचा शिष्टपणा आधीपासूनच होता. तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहायचा, डोळे मिटायचा, मान थोडी तिरकी करायचा. मग सरळ चालत जाऊन एका दारावर बोट ठेवायचा. कधी चुकायचा नाही. मागून येणारा पहारेकरी कौतुकाने मान हलवायचा. कधीकधी आचारी आतल्या बाईला म्हणायचा, "मीठ आधीच टाकलंत, म्हणून पाणी सुटलं." ती बाई तेव्हा सामान बांधत असायची.

त्याच्या मनाला लागत नव्हतं असं नाही. पण एकेक दार म्हणजे भाचीला मिळालेले आणखी काही दिवस, असा हिशोब त्याने मनाशी बसवला होता. हिशोब बसला की माणूस झोपतो. तोही झोपायचा.

शेजारच्या खोलीतला न्हावी आधी त्याचा मित्र होता. दोघं मिळून पत्ते खेळायचे. न्हाव्याच्या मेहुण्याच्या दारावर बोट पडलं, तेव्हापासून न्हावी त्याची दाढी करायचा थांबला. "गळ्यावर वस्तरा धरायला नको मला तुमच्या," तो म्हणाला. "माझाच माझ्यावर भरवसा नाही."

मग इमारतीत ताप आला. दोन्ही मजले खोकत होते. आचारीही पडला, आणि उठला तेव्हा अंगात त्राण नव्हतं, पण त्याला बरं वाटत होतं. तो बाहेर आला. सफाईवाली फिनेल टाकून पॅसेज पुसत होती. तो तिची बादली ओलांडून गेला, आणि चार पावलांवर थांबला. परत आला. बादलीवर वाकला.

"काय पडलं का मामा त्यात?" सफाईवालीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

काहीच नव्हतं. फिनेलचा वास नव्हता, तिच्या घामाचा नव्हता, ओल्या फडक्याचा नव्हता. त्याने संडासात जाऊन बघितलं. उघड्या डब्यात नाक घातलं. आपल्या हाताचा तळवा हुंगला. जग काचेपलीकडे गेल्यासारखं झालं होतं.

येईल परत, असं तो स्वतःला म्हणत राहिला. बहिणीला सांगितलं नाही, कारण तिच्या पोटात काही राहत नसे आणि भिंती छतापर्यंत नव्हत्या. भाचीला सांगितलं नाही, कारण ती आता रोज खालच्या दाराशी जाऊन उभी राहत होती आणि वर येताना कठड्याला धरून येत होती. आणि खरं सांगायचं तर त्याला लाजही वाटली. नाक गेलेला आचारी म्हणजे काय? उभा माणूस, एवढंच.

नाक परत आलं नाही. मॅनेजरचा निरोप मात्र आला. शुक्रवारी नवीन माणसं येणार होती. एक खोली हवी होती.

आचारी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. सवयीने डोळे मिटले, मान तिरकी केली. आत नुसता अंधार. मागे पहारेकरी वाट बघत होता. आचारी चालू लागला. चालता चालता तो दारं बघत होता. हे दार नको, इथे लहान पोरं आहेत. हे नको, हा भांडेल. हे नको, इथे न्हावी आहे. टोकाच्या खोलीत चष्मेवाली राहायची, आपल्या बहिऱ्या बापाला घेऊन. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती डब्यातला भात किटलीतल्या गरम पाण्याने धुवायची आणि बापाला भरवायची. तिचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता.

त्याने तिच्या दारावर बोट ठेवलं.

"काय?" पहारेकऱ्याने विचारलं.

"कांदा," आचारी म्हणाला.

आत कांदा नव्हता. इस्त्रीही नव्हती. गाद्या उलटल्या, पिशव्या झटकल्या. मॅनेजर वर आला. चष्मेवाली भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने मॅनेजरकडे नाही, आचाऱ्याकडे बघितलं.

"मामा, मला कांदा चालत नाही," ती म्हणाली. "पित्त होतं मला. घरातसुद्धा कधी आणला नाही."



"मामा?" मॅनेजर म्हणाला. "नक्की ना?"

"माझं नाक खोटं सांगत नाही," आचारी म्हणाला.

"मग पुरावा खाल्ला असेल यांनी," मॅनेजर म्हणाला, आणि पहारेकरी हसला. म्हाताऱ्याला काय चाललंय ते कळलं नाही. पाहुणे आले असं वाटून तो उठून त्यांना जागा करून देऊ लागला.

चष्मेवाली आणि तिचा बाप गेले. त्या दिवशी आचारी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला.

त्यानंतर अजून एक दार झालं, आणि अजून एक. कधी आत खरंच किटलीत अंडं सापडायचं, कधी काही नाही. त्याने काही फरक पडत नव्हता. शहराला रिकामी खोली दिसायची आणि मॅनेजरला नवीन माणूस. कुणी विचारायला येत नव्हतं. हे आचाऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला एक वेगळीच भीती वाटली. नाकाची इथे गरज कधी नव्हतीच. बोटाची होती.

लोकांनी आपला अर्थ लावला. कुणी म्हणालं, मामा पैसे खातो. कुणी म्हणालं, जळतो. नाक गेलं असेल, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना कळली, आणि ती आधी न्हाव्याच्या बायकोने बोलून दाखवली.

"चष्मेवालीने काय शिजवलं होतं? काही नाही. तरी गेलीच ना? मग उपाशी राहून जायचं कशाला? मी आज घालते कांदा. जायचंच तर ढेकर देऊन जाऊ."

तिने कांदा घातला. मामा तिच्या दारावरून गेला आणि थांबला नाही. हे सगळ्यांनी बघितलं. संध्याकाळी पलीकडच्या खोलीत लसूण पडला. मामा गेला, आला, थांबला नाही. लोकांना वाटलं, त्याला पश्चात्ताप झाला असावा. काही दिवसांतच अशी वेळ आली की दोन्ही मजल्यांवर इस्त्र्या उलट्या झाल्या होत्या. भिंतींवरून धूर या खोलीतून त्या खोलीत जायचा आणि पोरं ओरडून विचारायची, "आज तुमच्याकडे काय?" त्या दिवसांत इमारतीत कधी नव्हे तो आनंद होता. आणि आचारी त्या सगळ्यातून हात मागे बांधून फिरत होता, चेहरा कडक ठेवून, जणू काही हुंगतोय. त्याच्या बहिणीनेही भाचीसाठी किटलीत अंडी उकडायला घेतली. "मामा आहे ना आपला," ती म्हणाली. "वास बाहेर गेला तर सांगेल."

"येत नाही ना रे बाहेर?" तिने त्याला विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

डबे न उघडता परत जाऊ लागले. जेवणाच्या ठेक्यावाल्या मेहुण्याने मॅनेजरकडे तक्रार केली. एका दुपारी मॅनेजर न सांगता वर आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्याने नाकाला रुमाल लावला. पॅसेजमध्ये निळसर धूर होता. मधोमध आचारी उभा होता, डोळे मिटून, मान तिरकी करून.

"काय मामा," मॅनेजरने विचारलं, "आज काही?"

"आज काही नाही साहेब," आचारी म्हणाला.

मॅनेजरने धुराकडे बघितलं, मग त्याच्याकडे. दारं किलकिली झाली होती. मग मॅनेजर हसला. त्याला कळलं होतं. त्याने सफाईवालीकडून फिनेलचं फडकं मागवलं.

"डोळे मिटलेलेच ठेवा मामा. सोपं आहे. हे काय, तेवढं सांगा."

त्याने फडकं नाकाशी धरलं. आचाऱ्याने लांब श्वास घेतला. वास नव्हता, पण डोळे चुरचुरले. पाणी आलं. डोळ्यांना पाणी कशाने येतं, हे आचाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

"कांदा," तो म्हणाला.

पहिल्यांदा न्हावी हसला. मग सगळी दारं उघडली आणि सगळा मजला हसला. शिंप्याच्या जागी आलेली माणसं हसली, ज्यांना काही माहीत नव्हतं तीही हसली. पहारेकऱ्याने भिंतीचा आधार घेतला. आचाऱ्याने डोळे उघडले आणि फडकं बघितलं. न्हाव्याची बायको मात्र हसता हसता मध्येच थांबली.

"मामा," ती म्हणाली. "मग चष्मेवालीच्या खोलीत काय आलं होतं तुम्हाला?"

हसणं थांबलं. बहीण दारात उभी होती, हातात चमचा घेऊन. तिने भावाकडे बघितलं. तो फडक्याकडे बघत होता.

"सगळ्यांना काढायला माझ्याकडे बस नाही," मॅनेजर शांतपणे म्हणाला. "एका खोलीपुरती आहे." तो बहिणीच्या दिशेने वळला आणि हलकेच हुंगला. "तुमच्या खोलीतून अंड्याचा वास येतोय, मामा."

सामान बांधायला वेळ लागला नाही. बहीण पिशवीच्या गाठी मारत होती आणि भावाकडे न बघता बोलत होती.

"मला का नाही सांगितलंस? मी आले असते तुझ्यामागून. कुठलं दार ते मी सांगितलं असतं. खरं दार सांगितलं असतं. कुणाला संशय आला नसता."

तिने खरंच तसं केलं असतं, हे आचाऱ्याला माहीत होतं.

"तो आला तर?" भाची म्हणाली. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आई, तो आला तर?"

आचारी बाहेर पडला. दारोदार गेला. उंच आहे, डाव्या भुवईत खूण आहे, विचारत येईल, त्याला सांगा. काहींनी दार उघडलं नाही. एकीने उघडलं, ऐकून घेतलं आणि लावलं. न्हाव्याने मात्र सगळं ऐकलं. तो दारात उभा राहून वस्तरा पुसत होता.

"सांगतो की," न्हावी म्हणाला. "पोराने माझं काय वाकडं केलंय? कुठे गेलात म्हणून सांगू?"

आचारी खाली मॅनेजरकडे गेला.

"ते मलाही कळवत नाहीत मामा," मॅनेजर म्हणाला. त्याने आजही खुर्ची पुढे केली. "बस निघाली की ड्रायव्हरला कळतं. रोज बदलतं. कुठल्या कंत्राटदाराकडे जागा असेल तिथे."

तो पुन्हा वर गेला नाही. न्हाव्याला सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

बस दारासमोर उभी होती. बहीण चढली. आचारी पिशव्या वर देत होता. भाची रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या फुटपाथवर, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. तिथून इमारतीचं दार दिसत होतं.

"अगं, बस चुकली की पुन्हा कुठेच जागा मिळत नाही," पहारेकरी ओरडला. "नियम आहे."

"असू दे," भाची म्हणाली.

बहीण बसमधून उतरली. तिने आपली पिशवी भावाच्या हातातून घेतली, रस्ता ओलांडला आणि मुलीशेजारी बसली. आचारी उरलेली पिशवी घेऊन त्यांच्या मागे गेला. पायरीवर त्याच्यापुरती जागा होती. तो बसायला वाकला.

"नको, मामा," भाची म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने आधीच सगळा विचार करून ठेवला होता. "तू बसमध्ये बस."

"तुम्हाला असं रस्त्यावर टाकून?"

"तू इथे असलास तर त्या इमारतीतलं कुणी आम्हाला पाणीसुद्धा देणार नाही."

त्याने बहिणीकडे बघितलं. ती म्हणेल काहीतरी, असं त्याला वाटलं. ती पिशवीची गाठ सोडून पांघरूण शोधत होती.

तो परत जाऊन बसमध्ये बसला. बस लगेच सुटली नाही. ड्रायव्हर फोनवर कुठे जायचं ते विचारत होता. थोड्या वेळाने इमारतीतून न्हाव्याची बायको बाहेर आली. तिच्या हातात झाकलेलं भांडं होतं. ती बसच्या अगदी जवळून, खिडकीखालून गेली, वर न बघता, आणि रस्ता ओलांडून त्या दोघींसमोर उकिडवी बसली. तिने झाकण काढलं. भाची खाली वाकली आणि खाऊ लागली, दोन्ही हातांनी. खाताना तिचे डोळे दारावर होते.

ड्रायव्हरने फोन ठेवला आणि बस चालू केली.